मोडलेला गुडघा, सुताराचा रंधा आणि बिनहुद्द्याच्या स्त्रिया

ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली आणि अवघ्या वीस वर्षांचा राजा दुसरा मॅन्युएल देश सोडून इंग्लंडला आला. गोव्यावर नाममात्र का होईना, सत्ता असलेला हा अखेरचा राजा. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची कथा इथेच संपते. पुढे महायुद्ध पेटल्यावर या पदच्युत राजाने ब्रिटिश रेड क्रॉसचे काम पत्करले आणि अस्थिरोगाच्या लष्करी रुग्णालयांत कार्यशाळा उभ्या करण्यासाठी तो झटू लागला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. राज्यकर्ता म्हणून त्याला दोनच वर्षे मिळाली. त्या दोन वर्षांपेक्षा हे काम अधिक टिकाऊ ठरले.

लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात गोरगरिबांसाठीच्या आश्रयगृहाची आणि त्याला जोडलेल्या इस्पितळाची इमारत होती. १९१६ साली तिचे लष्करी अस्थिरोग रुग्णालय झाले. त्यामागची प्रेरणा लिव्हरपूलचे शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांची. त्यांचे नातलग ह्यू ओवेन थॉमस यांनी तयार केलेली मांडीच्या हाडाची आधारपट्टी, म्हणजेच ‘थॉमस स्प्लिंट’, आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकावी लागते. या आधारपट्टीमुळे पूर्वी दगावले असते असे असंख्य सैनिक आघाडीवरून जिवंत परतू लागले. पण जिवंत परतणे आणि चालते होणे यांत फार अंतर होते. तुटलेले हाड कालांतराने सांधते. परंतु महिनोन्महिने बांधून ठेवलेला सांधा आखडतो, न वापरलेला स्नायू वाळतो आणि जखमेचा व्रण आतल्या पेशींना चिकटून बसतो. शल्यविशारदाचे काम संपते तिथे रुग्णाचे खरे काम सुरू होते. त्या काळात हे काम करवून घेणारे कोणीच नव्हते.

जोन्स यांचा उपाय वरवर पाहता साधा होता. यंत्रावर बसवून रुग्णाचा गुडघा शंभर वेळा वाकवला, तर तो दहाव्या वेळीच कंटाळतो आणि दुखण्याकडेच त्याचे लक्ष राहते. त्याच माणसाला सुताराच्या बाकासमोर उभे करून हाती रंधा दिला, तर फळी गुळगुळीत करण्याच्या नादात त्याचा गुडघा आपोआप वाकतो आणि सरळ होतो. म्हणून शेफर्ड्स बुशमध्ये सुतारकाम, लोहारकाम, चांभारकाम, शिवणकाम यांच्या शाळा उभ्या राहिल्या. रुग्णालयाला लागणाऱ्या आधारपट्ट्यासुद्धा रुग्णांच्याच हातून तयार होऊ लागल्या.

मे १९१७ मध्ये बॉस्टनचे अस्थिशल्यविशारद जोएल गोल्डथवेट सुमारे वीस अमेरिकन सहकाऱ्यांना घेऊन इंग्लंडला आले. अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती आणि ब्रिटिशांना अस्थितज्ज्ञांची तीव्र टंचाई भासत होती. या मंडळींनी जोन्स यांच्या रुग्णालयांतून काम केले, कार्यशाळा पाहिल्या. अमेरिकन जखमींची लाट येण्याआधी आपल्याकडेही अशी व्यवस्था हवी, हे त्यांच्या लक्षात आले. ऑगस्ट १९१७ मध्ये अमेरिकन सैन्याच्या सर्जन जनरलच्या कार्यालयात ‘शारीरिक पुनर्रचने’चा विभाग स्थापन झाला. कल्पना होती, कागद तयार होते, माणसे नव्हती.

पुरुष आघाडीवर होते आणि परिचारिका आधीच अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा एक नवेच पद निर्माण झाले: ‘रिकन्स्ट्रक्शन एड’, म्हणजे पुनर्रचना साहाय्यिका. यांच्या दोन शाखा होत्या. एक मालिश, व्यायाम आणि जलोपचार करणारी. पुढे तिचेच फिजिओथेरपीत रूपांतर झाले. दुसरी हस्तव्यवसायांतून उपचार करणारी. तिच्यातून ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, आकाराला आली. पदाचे नावच बोलके आहे. या स्त्रिया ‘उपचारक’ नव्हेत, ‘साहाय्यक’. सैन्याने त्यांना गणवेश दिला, शिस्त लावली, समुद्रापार पाठवले. पण हुद्दा दिला नाही. कागदोपत्री त्या नागरी नोकर होत्या. या एका नोंदीचे परिणाम पुढे सहा दशके उरले.

योगायोग असा, की युद्धघोषणेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, मार्च १९१७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मूठभर माणसे जमली होती आणि त्यांनी व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली होती. यजमान होते जॉर्ज बार्टन. हे वास्तुविशारद, क्षयाने गाठलेले, पायाची बोटे गमावलेले आणि शरीराची डावी बाजू लुळी पडल्यावर बागकाम आणि सुतारकाम करून स्वतःला पुन्हा उभे केलेले. त्यांच्यासोबत मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डंटन होते, एलेनॉर क्लार्क स्लेगल होत्या, सुझन कॉक्स जॉन्सन होत्या. यांपैकी बहुतेकांचा अनुभव मनोरुग्णालयांतला. मोडलेल्या हाडांसाठी ही विद्या वापरायची, तर तिला शरीरशास्त्राची जोड देणे भाग होते. ती जोड आधी कुणी पुरेशी दिलेली नव्हती.

१९१८ या एकाच वर्षी बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि सेंट लुईस इथे प्रशिक्षणशाळा निघाल्या. सीमेपलीकडे टोरंटो विद्यापीठात त्याच वर्षी ‘वॉर्ड एड’ स्त्रियांसाठी अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू झाला. तो सुरू करणारे हर्बर्ट हॉल्टेन वैद्य नव्हते, तर खाणशास्त्राचे प्राध्यापक होते. याच हॉल्टेन यांनी पुढे कॅनडातील अभियंत्यांच्या लोखंडी अंगठीच्या विधीसाठी रुडयार्ड किपलिंगला पत्र धाडले. मुंबईत जन्मलेला कवी, खाणींचा प्राध्यापक आणि व्यवसायोपचार यांना जोडणारा हा धागा कुणालाही चकवणारा आहे.

या अभ्यासक्रमांत काय शिकवले जाई? आधी हस्तकला: विणकाम, टोपल्या विणणे, लाकडावरील कोरीवकाम, खेळणी, ठशांची छपाई. त्याच्या जोडीला शरीररचना, स्नायूंच्या हालचालींचे शास्त्र, थोडे मानसशास्त्र आणि रुग्णालयातील शिस्त. मुदत काही आठवड्यांची, फार तर काही महिन्यांची. अनेक उमेदवार आधीच कलाशिक्षिका होत्या. म्हणजे माग कसा लावावा हे त्यांना ठाऊक होते. मागावर बसलेल्या माणसाच्या खांद्यात नेमके काय घडते, हे शिकवायचे होते.

या शास्त्राला खरी शिस्त लागली ती वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात. तिथल्या पुनर्रचना विभागाची सूत्रे बर्ड बाल्डविन या मानसशास्त्रज्ञाकडे होती. मूळचा अभ्यास मुलांच्या वाढीचा, त्यामुळे मोजमापाची सवय हाडात मुरलेली. रुग्ण आल्यावर त्याचा प्रत्येक आखडलेला सांधा किती अंशांतून फिरतो हे कोनमापकाने मोजायचे, स्नायूची ताकद नोंदवायची, मग ती हालचाल घडवणारे काम निवडायचे आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली. १९१९ साली त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, निकामी झालेल्या सांध्यांचे कार्य व्यवसायोपचाराने पूर्ववत करणे. व्यवसायोपचाराच्या इतिहासात संस्थापकांच्या बैठकीला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे या प्रबंधाला दिले जात नाही. हा अन्यायच आहे. बैठकीने संस्था दिली. ‘टोपली विणल्याने बरे वाटते’ इथून ‘या कामामुळे कोपर इतके अंश अधिक वाकू लागले’ इथवरचा प्रवास मात्र मोजपट्टीने घडवला.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, हे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. करवतीने कोपर आणि खांदा पुढे-मागे होतो. पेचकसाने कोपराखालचा हात आतबाहेर फिरतो. उभ्या मागावर काम करताना हात डोक्याच्या दिशेने उचलावा लागतो. आखडलेल्या खांद्यासाठी हेच हवे असते. पायाने चालणारी करवत घोट्याला कामाला लावते. पण काम निवडणे ही फक्त सुरुवात. बाक चार बोटे उंच केला, की त्याच रंध्याचा व्यायाम बदलतो. मूठ न वळणाऱ्या माणसाच्या हत्याराला आधी जाड कापड गुंडाळून दांडा फुगवायचा आणि बोटे वळू लागतील तसतसे ते वेढे कमी करत जायचे. मऊ लाकडावरून कठीण लाकडाकडे, दहा मिनिटांवरून अर्ध्या तासाकडे. या पायरीपायरीने वाढवण्यातच उपचार आहे. वस्तू तयार होते ती जोडीला.

यातील सर्वांत अवघड कौशल्य हाताचे नसून डोळ्यांचे असते. वेदना टाळण्यासाठी शरीर चतुर फसवणूक करते. खांदा उचलायला सांगितला, तर रुग्ण नकळत कमरेतून कलतो. हात वर गेल्यासारखा दिसतो, सांधा मात्र जागचा हलत नाही. गुडघा वाकवायच्या ऐवजी तो नितंब उचलतो. फळी तासली जाते, रुग्ण खूश होतो आणि पंधरा दिवसांनी मोजमाप घेतल्यावर आकडा तसूभरही सरकलेला नसतो. समोर उभ्या असलेल्या साहाय्यिकेला ही चोरी त्याच क्षणी ओळखता यायला हवी. सूज वाढली, त्वचा तापली, दुसऱ्या दिवशी दुखणे उतरले नाही, तर थांबून डॉक्टरांना सांगायचे हेही तिलाच कळायला हवे. चार-सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात हे शिकवता येते का, हा प्रश्न १९१८ साली विचारायला कुणाला सवड नव्हती.

फ्रान्समध्ये तर सवडच काय, साहित्यही नव्हते. शातोरू येथील बेस हॉस्पिटल क्रमांक ९ हे अस्थिरुग्णांचे मोठे केंद्र होते. लीना हिचकॉक ही साहाय्यिका तिथे होती आणि तिने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. फ्रान्समधील अनेक रुग्णालयांत या स्त्रियांना पहिले साहित्य मिळाले ते सामानाच्या खोक्यांच्या फळ्या आणि रिकामे पत्र्याचे डबे. काही डॉक्टर त्यांच्याकडे करमणूक करणाऱ्या बायका म्हणून पाहत. ‘टोपल्या विणणाऱ्या’ हे हेटाळणीचे विशेषण या व्यवसायाला पुढे अनेक वर्षे चिकटून राहिले. बाल्डविन यांच्या आकड्यांचे मोल नेमके इथे आहे. हेटाळणीला वादाने उत्तर देता येत नाही. कोनमापकाने देता येते.

युद्ध संपले, रुग्णालये रिकामी झाली, बहुतेक साहाय्यिका घरी परतल्या. उरलेल्यांनी एक गोष्ट ताडली: पुन्हा कधी ‘साहाय्यक’ म्हणवून घ्यायचे नसेल, तर शिक्षण वाढवले पाहिजे. क्लिफ्टन स्प्रिंग्जच्या संस्थेचे नाव बदलून ‘अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशन’ झाले. १९२३ साली तिने किमान बारा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा दंडक घातला. १९३५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या शाळांसाठी निकष ठरवून दिले. अभ्यासक्रम लांबत गेले, पदव्या आल्या.

याच साखळीची एक कडी मुंबईत येऊन पोहोचते. न्यू जर्सीतील क्वेकर घराण्यातील एलिझाबेथ लंडी यांनी १९३० साली विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला आणि त्या कमला निंबकर झाल्या. पुढे त्यांनी फिलाडेल्फिया स्कूलमध्ये, म्हणजे १९१८ साली युद्धाच्या गरजेतून निघालेल्या त्याच शाळेत, व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. परतल्यावर त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात हा विभाग उघडला आणि १९५० साली तिथेच भारतातील पहिली व्यवसायोपचार प्रशिक्षणशाळा सुरू झाली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते. फलटणचे ‘कमला निंबकर बालभवन’ अनेकांना ठाऊक असते. ते ज्यांच्या नावाचे, त्यांची ही ओळख मात्र थोड्यांनाच असते. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, या त्यांच्या सूनबाई. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सासू-सून दोघींची नोंद हवी, एकीची लेखिका म्हणून आणि दुसरीची मराठी मुलखात एक नवी विद्या आणणारी म्हणून.

अमेरिकेत तोवर निराळाच पेच उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा हजारो मोडलेली शरीरे परत पाठवली. १९५२ च्या पोलिओच्या साथीत एका वर्षात सुमारे ५८,००० रुग्णांची नोंद झाली. मनोरुग्णालये खचाखच भरलेली होती. शिक्षण लांबवल्यामुळे उपचारकांची प्रतिष्ठा वाढली, पण संख्या गरजेला पुरेना. रुग्णालयांत अप्रशिक्षित मदतनीस बाया-बाप्ये ही कामे करत होतेच. त्यांना ना अभ्यासक्रम होता, ना नाव.

आणि मग इतिहासाने एक वळसा पूर्ण केला. ज्या व्यवसायाने ‘साहाय्यक’ ही ओळख पुसण्यासाठी चार दशके झुंज दिली, त्यानेच १९५८ मध्ये साहाय्यकांचा नवा वर्ग निर्माण केला: सर्टिफाइड ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट. पहिला मान्य अभ्यासक्रम मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो राज्य रुग्णालयात सुरू झाला आणि तो केवळ मनोरुग्णसेवेपुरता होता. हाडे, सांधे, स्नायू यांच्या रुग्णांसाठीचे सामान्य प्रशिक्षण १९६० पासून वाट्याला आले. अनेक उपचारकांच्या मनात भीती होती, की रुग्णालये स्वस्तातले साहाय्यक घेऊन त्यांना बाजूला सारतील. ही भीती निराधार म्हणता येणार नाही; पण १९१८ च्या परिचारिका आणि डॉक्टर नेमके हेच या स्त्रियांबद्दल बोलले असतील, तर त्यात नवल नव्हते.

तडजोड निघाली ती कामाच्या सीमारेषेवर. रुग्णाची तपासणी करून त्याचे निष्कर्ष मांडणे आणि उपचाराची आखणी करणे हे उपचारकाचे. ती आखणी त्याच्या देखरेखीखाली रोजच्या रोज अमलात आणणे हे साहाय्यकाचे. कागदावर रेघ स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात रुग्णासमोर सर्वाधिक वेळ साहाय्यकच असतो. खुबा बदललेल्या आजीबाईंना खालच्या खुर्चीवर बसू द्यायचे नाही, वाकून चप्पल घालू द्यायची नाही, लांब दांड्याच्या चिमट्याने मोजा कसा चढवायचा, शौचकूपाची बैठक किती उंच हवी, हे सारे तोच शिकवतो. खुबा नव्वद अंशांपलीकडे वाकता कामा नये, हा नियम उपचारक सांगतो; आजीबाई जमिनीवर पडलेली किल्ली उचलायला वाकतात, तेव्हा शेजारी उभा असतो तो साहाय्यक.

संधिवाताच्या रुग्णांसाठी तर १९६५ साली जॉय कॉर्डेरी या ब्रिटिश व्यवसायोपचारिकेने ‘सांध्यांचे रक्षण’ हा विचार एका लेखात नेमकेपणाने मांडला. बरणीचे झाकण बोटांनी पिळायचे नाही, तळव्याने दाबून फिरवायचे. पिशवी बोटांत लटकवायची नाही, कोपरापाशी अडकवायची. लहान सांध्यावरचा भार मोठ्या सांध्यावर टाकायचा. १९१८ ची विद्या सांध्याला अधिक काम द्या म्हणत होती. ही विद्या सांध्याला विनाकारण झिजवू नका म्हणते. एकाच साहाय्यकाला आता दोन्ही शिकावे लागते आणि समोरच्या रुग्णाला कोणते लागू आहे हेही समजावे लागते. साहजिकच, आठवड्यांचा अभ्यासक्रम पुढे सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या पदविकेपर्यंत वाढला, त्यात रुग्णालयातील पूर्णवेळ अनुभवाचे सोळा आठवडे आले आणि १९७७ पासून साहाय्यकांसाठी स्वतंत्र प्रमाणन परीक्षा घेतली जाऊ लागली.

उपचारकांना लष्करी हुद्दा मिळायलाही १९४७ उजाडले. दुसऱ्या महायुद्धात फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ स्त्रियांना हुद्दे मिळाले, तेव्हाही व्यवसायोपचारिका नागरी नोकरच राहिल्या होत्या. युद्ध संपल्यावर ‘विमेन्स मेडिकल स्पेशॅलिस्ट कोअर’ उभे राहिले, तेव्हा कुठे तिन्ही शाखा एका रांगेत आल्या.

पहिल्या महायुद्धातील साहाय्यिकांना मात्र हा कायदा पूर्वलक्षी लागू होत नव्हता. त्या ना माजी सैनिक होत्या, ना निवृत्तिवेतनास पात्र. १९८१ साली अमेरिकन संरक्षण खात्याने त्यांची सेवा सक्रिय लष्करी सेवा म्हणून मान्य केली. शातोरूच्या वॉर्डात खोक्याच्या फळीपासून खेळणे करायला शिकवणाऱ्या पिढीतील ज्या थोड्या तोवर हयात होत्या, त्या नव्वदीच्या आसपास पोहोचल्या होत्या.